मासळीच्या जतनाचा जमाखर्च

दरवर्षी मार्च महिन्यात राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला जातो. दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे कोणत्या जिनसेवर कर वाढला, कोणाला सवलत मिळाली आणि तूट किती राहिली याचा हिशेब वाचकांपुढे ठेवतात. गिरगावात, दादरला, लालबाग-परळला त्यावर चार-दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. अर्थमंत्र्यांच्या भाषणाबरोबर सभागृहाच्या पटलावर येणारे विभागवार मागण्यांचे जाडजूड ग्रंथ मात्र सहसा कोणी उघडत नाही. वस्तुतः सरकारचे मन कळते ते या ग्रंथांतून. भाषणात सर्वांनाच स्थान असते. मागण्यांत ज्याच्या नावापुढे रक्कम लिहिलेली असते त्यालाच.

या ग्रंथांत समुद्राचा पत्ता शोधू गेल्यास तो दोन निरनिराळ्या ठिकाणी सापडतो. सरकारी जमाखर्चात प्रत्येक बाबीला एक लेखाशीर्ष असते आणि प्रधान शीर्षांचे क्रमांक देशभर एकच असतात. २४०५ हे शीर्ष मत्स्यव्यवसायाचे, तर २४०६ हे वनांचे आणि वन्यजीवांचे. ससून गोदीत आणि भाऊच्या धक्क्यावर उतरणारे बोंबील, पापलेट, सुरमई ही पहिल्या शीर्षाची प्रजा. त्याच पाण्यातील कासव, व्हेल शार्क, प्रवाळ आणि शिवडीच्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी ही दुसऱ्या शीर्षाची. समुद्राला ही वाटणी ठाऊक नाही. एकाच जाळ्यात, एकाच ओढीला मासळीही येते आणि कासवही येते. परंतु मंत्रालयात या दोघांची दफ्तरे वेगळी, अधिकारी वेगळे आणि पैशाच्या पेट्याही वेगळ्या. पहिल्या पेटीचा मुख्य हेतू मासे अधिक धरणे हा, दुसरीचा मुख्य हेतू जंगल राखणे हा. मासे राखणे हे कोणाचेच पहिले काम नाही. आपल्या किनाऱ्याच्या आजच्या दुखण्याचे एक मूळ या मांडणीत आहे, असे म्हणावे लागेल.

पकडण्यासाठी पैसा

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मत्स्यव्यवसायाकडे सरकारने पाहिले ते अन्नोत्पादनाचे एक साधन म्हणून, आणि त्या काळी ते योग्यच होते. देशात अन्नाचा तुटवडा होता, कोळी शिडाच्या होड्यांवर जीव धोक्यात घालून समुद्रात जात होता. त्याला यंत्र मिळावे, बर्फ मिळावा, धक्का मिळावा, सहकारी संस्थेतून कर्ज मिळावे, हा विचार लोककल्याणाचाच होता. १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ससून गोदी मासळीची गोदी झाली. होड्यांना इंजिने बसली. ट्रॉलर आले, पर्ससीन जाळी आली. उत्पादन वाढले आणि वाढत राहील असे सर्वांनीच गृहीत धरले.

समुद्राने हे गृहीत खोटे ठरविले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ साली ती २.०१ लाख टनांवर आली. गेल्या पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे होड्या अनेक दिवस धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या, हे खरे. एका वर्षाच्या आकड्यावरून सर्वनाशाचे भाकीत करणे शहाणपणाचे नव्हे, हेही खरे. परंतु पापलेटाचा आकार लहान होत चालल्याचे आणि भाव चढत चालल्याचे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. बाजारात पाटीपुढे उभी राहणारी लालबागची कोणतीही गृहिणी ते सांगू शकेल. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने पापलेटाला ‘राज्य मासा’ म्हणून घोषित केले. बहुमान ज्याला द्यावयाचा तो जगलाही पाहिजे, एवढेच त्यावर म्हणता येईल.

असे असूनही २४०५ या शीर्षाखालील खर्चाचा कल फारसा बदललेला नाही. बंदरे, धक्के, शीतगृहे, यांत्रिक होड्या आणि डिझेलवरील कराचा परतावा हेच त्यातील वजनदार विषय. २०२० साली केंद्राने सुरू केलेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०,०५० कोटी रुपयांची. तिच्या उद्दिष्टांत जतनाचा उल्लेख आहे, पण तिचा प्राण उत्पादन, साठवण आणि निर्यात यांत आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज आणि विमा यांत त्यामुळे लाभ होईल आणि तो व्हावाच. मात्र शेतकरी बी पेरतो म्हणून पीक काढतो. समुद्रातील कोळी पेरत नाही, निसर्गाने पेरलेले काढतो. म्हणूनच शेतीच्या अर्थसंकल्पात जे काम बियाण्याला आहे ते मासेमारीच्या अर्थसंकल्पात जतनाला असावयास हवे. हा भेद कृषीचा दर्जा देताना नजरेआड होता कामा नये.

बंदीचे एकसष्ट दिवस

जतनाची रीत कोळ्याला सरकारने शिकविलेली नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा समुद्रात उतरावयाचे, हा क्रम कायद्याच्या कितीतरी आधीचा. मासळीच्या अनेक जातींचा विणीचा काळ याच सुमारास येतो. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. किनाऱ्यावरील सर्वांत मोठा जतनकार्यक्रम कोणता, असे विचारल्यास या बंदीकडेच बोट दाखवावे लागेल. प्रश्न असा की तिचा खर्च कोण सोसतो?

मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या वा मंदीच्या काळासाठी गरीब मच्छीमार कुटुंबांना उपजीविकेचे साहाय्य देण्याची तरतूद आहे. मच्छीमाराने स्वतः १,५०० रुपये साठवावयाचे, सरकारने ३,००० रुपये घालावयाचे आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० रुपये त्याच्या हाती द्यावयाचे. सरकारचा वाटा बंदीच्या केवळ ६१ दिवसांवर विभागला तरी दिवसाला पन्नास रुपयेही होत नाहीत. तेही सरसकट सर्वांना नव्हे. आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास अशा पारंपरिक मच्छीमार कुटुंबांसाठीच ही तरतूद आहे. खलाशी दोन महिने घरी बसतो, जाळी विणतो, उसनवार करतो आणि त्याच्या बसण्यामुळे समुद्र पुन्हा भरतो. पुढे हंगामात भरलेल्या समुद्राचा लाभ तांडेलापासून निर्यातदारापर्यंत सर्वांना आणि परकीय चलनाच्या रूपाने देशालाही मिळतो. म्हणजे जतनाची सर्वांत मोठी वर्गणी सर्वांत गरीब माणूस भरतो आणि अर्थसंकल्पात तिची नोंद मात्र साहाय्य म्हणून होते. ती मजुरी म्हणून व्हावयास हवी, कारण तो माणूस त्या दोन महिन्यांत राष्ट्राच्या संपत्तीची राखण करीत असतो.

कायदा आणि पहारा

कायद्यांची वाण आपल्याकडे नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अधिकारात येतो आणि त्यात कोणी, कोणत्या जाळ्याने, केव्हा मासेमारी करावी हे ठरविण्याचा अधिकार या अधिनियमाने सरकारला दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आले. २०१७ साली केंद्राने प्रखर विजेच्या दिव्यांवर मासे गोळा करण्याच्या पद्धतीला मनाई केली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचे किमान कायदेशीर आकारमान ठरविण्यात आले. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरणे वा विकणे आता नियमबाह्य आहे.

नियम उत्तम आहेत. पण पहाटेच्या अंधारात ससून गोदीत लिलाव चालू असता, शेकडो पाट्यांतून हात घालून पापलेट मोजणारा माणूस कोठे आहे? त्याचा पगार कोणत्या ओळीत आहे? भर समुद्रात पर्ससीनच्या मोठ्या नौकेचा पाठलाग करणाऱ्या गस्तनौकेला वेग हवा, डिझेल हवे, रात्रपाळीचे कर्मचारी हवेत. जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनच्या साहाय्याने टेहळणी सुरू केली, ही स्वागतार्ह गोष्ट. ड्रोन गुन्हा पाहू शकतो, त्याचे चित्र घेऊ शकतो. नौका अडवून ती धक्क्याला आणण्याचे काम माणसांनाच करावे लागते. कायदा करण्यास पैसा लागत नाही, तो पाळून घेण्यास दरमहा लागतो. या दरमहाच्या खर्चाचीच आपल्या राज्यकर्त्यांना नावड आहे.

ही नावड जुनी आहे. २०१६-१७ पर्यंत सरकारी खर्चाचे ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ असे दोन भाग असत. नवी योजना पहिल्या भागात मिरवे. ती जुनी झाली की तिच्या राखणदारांचे पगार आणि यंत्रांची दुरुस्ती दुसऱ्या भागात जाई आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तेथेच पडे. पुढे ही विभागणी रद्द झाली. वृत्ती रद्द झाली नाही. कोनशिला बसविता येते अशा खर्चाला पुरस्कर्ते मिळतात; निगराणीची कोनशिला बसत नाही. चर्नी रोडसमोरचे तारापोरवाला मत्स्यालय हे मत्स्यव्यवसाय विभागाचे मुंबईकरांना सर्वाधिक परिचित असलेले रूप. १९५१ साली ते उघडले आणि गिरगावच्या दोन-तीन पिढ्यांनी समुद्राच्या पोटातील जग प्रथम तेथे पाहिले. २०१५ साली नूतनीकरण होऊन ते नव्या थाटात खुले झाले, २०२० च्या टाळेबंदीत बंद झाले आणि नंतरही कित्येक वर्षे त्याची दारे मिटलेली राहिली. इमारत उभारणे आणि ती चालती ठेवणे यांतील अंतर समजण्यास या शहराला दूर जावे लागत नाही.

नुकसानीतून आलेला पैसा

आता दुसऱ्या शीर्षाकडे, म्हणजे वन्यजीवांकडे वळू. येथील स्थिती वरवर पाहता बरी वाटते. राज्याने २०१२ साली खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला, तसा कक्ष स्थापणारे राज्य विरळा. २०१५ साली ठाणे खाडीतील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हॉर्नबिल हाउसमधून काम करणाऱ्या, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनांनुसार भर हंगामात या खाडीपट्ट्यात लाखाच्या वर रोहित उतरतात. शिवडीच्या किल्ल्याजवळ भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून जाणाऱ्या परळकरांना हे दृश्य नवे नाही.

पण शिवडीचा चिखल अभयारण्यात नाही. अभयारण्याची हद्द खाडीच्या वरच्या अंगाला आहे. शिवडीचा किनारा बंदराच्या अखत्यारीत आणि त्याच शिवडीतून १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू निघतो. पक्षी मात्र भरतीप्रमाणे इकडून तिकडे जातात. हद्दीचा दगड ते पाहत नाहीत. अभयारण्याच्या नावाने ठेवलेला पैसा हद्दीपाशी थांबतो आणि पक्षी थांबत नाही, अशी ही अडचण.

याहून गंभीर गोष्ट पैशाच्या उगमाची आहे. वन्यजीव आणि वनांसाठी येणाऱ्या रकमेचा एक मोठा प्रवाह विधिमंडळाच्या कृपेने येत नाही, तो भरपाईतून येतो. एखादा प्रकल्प वनजमीन घेतो तेव्हा त्याने पैसे भरावयाचे आणि त्यातून अन्यत्र वनीकरण करावयाचे, ही पद्धत. २०१६ साली त्यासाठी कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने साठून राहिलेल्या अशा निधीतून ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना दिले. भरपाई घेतलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु राखणीचा पगार नासाडीच्या दंडातून द्यावयाचा झाल्यास, नासाडी थांबली की राखणही थांबावयाची, असा विचित्र प्रसंग उद्भवतो.

मुंबईच्या प्रवाळांचे उदाहरण घ्यावे. वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांना वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. तरी सर्वसामान्य मुंबईकराला त्यांचा पत्ता लागला तो २०२० साली, किनारी रस्त्यासाठी त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेण्याचा प्रश्न निघाला तेव्हा. शास्त्रज्ञ आले, परवानग्या झाल्या, खर्च झाला. कारण तो रस्त्याच्या खर्चात बसला. रस्ता आला नसता तर त्या प्रवाळांची विचारपूस करण्यास अर्थसंकल्पात कोणते कलम होते? याउलट महापालिकेच्या राणीच्या बागेत पेंग्विन आहेत आणि त्यांच्या कक्षाच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी २०२१ साली सुमारे १५ कोटी रुपयांची निविदा निघाली, तिच्यावर वादही झाला. त्या पक्ष्यांना थंड हवा आणि ताजी मासळी मिळू नये, असे कोणीही म्हणणार नाही; बागेला तिकिटांचे उत्पन्न आहे, हेही मान्य. मुद्दा एवढाच की जे काचेआड आहे त्याच्या देखभालीचा हिशेब आपण दरवर्षाचा मांडतो आणि जे मोकळे आहे त्याची देखभाल निसर्ग फुकट करील असे समजतो.

एक चांगले उदाहरण

टीका करताना जे चांगले झाले त्याचाही उल्लेख केला पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने एक लहानसा पण मार्मिक निर्णय घेतला. जाळ्यात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीबद्दल त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची. सोडतानाचे चित्रण पुरावा म्हणून पुरे. पूर्वी कायदा एवढेच सांगे की हा जीव मारू नकोस. जाळे कापल्यावर कोळ्याच्या घरात काय शिजेल याचे उत्तर कायद्यात नव्हते. या निर्णयाने ते दिले. मत्स्यव्यवसाय विभाग आणि खारफुटी कक्ष, म्हणजे २४०५ आणि २४०६ ची दोन घरे, यासाठी प्रथमच एका पंक्तीला बसली. रक्कम मोठी नव्हती, परंतु ती योग्य माणसाच्या हाती, योग्य कृतीबद्दल पडत होती. कोळी हा समुद्राचा शत्रू नसून पहारेकरी आहे, ही दृष्टी तिच्यामागे होती. या दृष्टीचा विस्तार का होऊ नये?

परदेशातील एका प्रथेचीही येथे आठवण ठेवावी. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरील उत्पादन-कर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी आणि १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या साधनांवरील कर माशांच्या संवर्धनासाठी राखून ठेवला. १९८४ साली त्यात मोटारबोटींच्या इंधनावरील कराचीही भर पडली. तेथील मासेमारी बऱ्याच अंशी हौसेची आणि आपल्याकडील पोटाची. म्हणून ती प्रथा जशीच्या तशी येथे आणणे अन्यायाचे होईल. होडीच्या इंधनावरील कर ते माशांसाठी राखतात. आपण तो मच्छीमाराला परत करतो आणि गरिबाच्या बाबतीत ते रास्तही आहे. घेण्यासारखे आहे ते तत्त्व: निसर्गातून जे काढले जाते त्याचा ठरावीक अंश निसर्गासाठी बाजूला निघालाच पाहिजे आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावता कामा नये.

काय करता येईल

यावर अर्थखात्याचे उत्तर ठरलेले आहे: तिजोरीवर ताण आहे, रुग्णालये आणि शाळा आधी, मासे नंतर. ताण आहे यात शंका नाही. परंतु मासे राखणे ही श्रीमंतांची हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बोंबील आणि बांगडा कोणाच्या ताटात पडतो हे पाहावे. गिरणगावातील कामगारांच्या पिढ्या या स्वस्त आणि सकस अन्नावर पोसल्या गेल्या. तो मासा गेला की त्या जागी दुसरे अन्न पुरविण्याचा खर्च याच तिजोरीवर येईल, तो गस्तनौकेच्या डिझेलपेक्षा पुष्कळ जड असेल.

मागणी फार मोठी नाही. पहिली गोष्ट, केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर २००५-०६ पासून स्त्रियांसाठीच्या तरतुदींचे स्वतंत्र विवरणपत्र जोडले जाते, त्या धर्तीवर राज्याने समुद्र व खाड्यांच्या जतनाचे एकत्र विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवावे. त्यात दोन्ही शीर्षांखालील रकमा, मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी असावेत, म्हणजे मासे धरण्यास किती आणि राखण्यास किती, हे शाळकरी मुलालाही वाचता येईल. दुसरी, गस्त, मोजदाद आणि धक्क्यावरील तपासणी यांसाठी कायम पदे मंजूर व्हावीत. जतन हे योजनेचे नव्हे, नोकरीचे काम आहे. तिसरी, बंदीच्या काळातील रक्कम खलाशाच्या दोन महिन्यांच्या खऱ्या गरजेशी जुळेल एवढी करावी आणि ती १ जूनपूर्वी त्याच्या हाती पडावी. सरकारी पैसा मार्चअखेरीस सैल सुटतो, मासळी पावसाळ्यात विते. दोन पंचांगांतील हा विसंवाद मंत्रालयानेच मिटविला पाहिजे. चौथी, मोठ्या यांत्रिक नौकांना मिळणाऱ्या सवलती जाळ्याची आस आणि माशाचा किमान आकार पाळण्याच्या अटीशी जोडाव्यात. लहान कोळ्याला या अटीचा जाच होऊ नये, एवढी दक्षता घ्यावी.

या मागण्यांसाठी नवा कायदा नको, नवी समितीही नको. विधानभवन आणि ससून गोदी यांत फार तर तीन-चार किलोमीटरांचे अंतर आहे. पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात मत्स्यव्यवसायाच्या मागण्या चर्चेला येतील तेव्हा दक्षिण आणि मध्य मुंबईच्या आमदारांनी एकच प्रश्न विचारावा: समुद्रातून काढण्यासाठी आपण किती देतो आणि समुद्राला परत किती देतो? उत्तर आकड्यांत मागावे. ते आकडे एकदा सभागृहाच्या पटलावर आले की पुढचा वाद मतदारांना स्वतःच करता येईल.